पान चौदावरची तीन छिद्रं

आधीच सांगून ठेवतो, या लेखात मी त्या मालिकेचं नाव लिहिणार नाही. लिहिलं, तर दिवाळी अंक बाजारात आल्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रद्दीवाल्यांकडे माणसं उकरायला लागतील आणि तिसऱ्या दिवशी मला फोन येतील, "सर, माझ्याकडे पहिल्या छपाईची प्रत आहे, बघता का?" ती पहिल्या छपाईची नसणार, हे मला फोन उचलतानाच माहीत असतं. संपादकबाईंना ही अट घातली तेव्हा त्या हसल्या. हसू देत. संशय हा माझा स्वभाव नाही, व्यवसाय आहे. बायको म्हणते, दोन्ही आहे.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर मी तीस वर्षं सांभाळलं. स्टोअर म्हणजे सुट्या भागांचं भांडार. प्रत्येक खणाला एक कार्ड. कार्डावर भागाचा नंबर, किती आले, किती गेले, किती उरले. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय मोठं? मोठं हे, की कार्डावर सहा बेअरिंगं असतात आणि खणात पाच. मग खोटं कोण बोलतंय ते शोधायचं. माझा अनुभव असा की खण कधी खोटं बोलत नाही. आणि स्टोअरवाल्याचं सगळ्यात मोठं पाप म्हणजे चोरी नव्हे. शोध न घेता कार्ड खणाशी जुळवून टाकणं, हे ते पाप. त्याला एक खोडरबर पुरतं.

निवृत्तीला पाच-सहा वर्षं राहिली असताना मी जुन्या चित्रकथांची यादी इंटरनेटवर मांडायला घेतली. लहानपणी आम्ही त्यांना सरसकट कॉमिक्स म्हणायचो. ही मालिका हिंदीत चिक्कार निघाली, मराठीत थोडीच, आणि मराठीतली अचानक बंद पडली. प्रकाशकानं केव्हाच गाशा गुंडाळला. एकूण किती अंक निघाले हे सांगणारा एक कागद शिल्लक नाही. शिल्लक आहेत ते संग्राहक, आणि त्यांची भांडणं. एक म्हणतो एकेचाळीस अंक, दुसरा म्हणतो त्रेचाळीस, आणि दोघंही दुसऱ्याचं कपाट पाहायला मिळेपर्यंत आपलं उघडत नाहीत. कारखान्यात संगणक आला तेव्हा कार्डांचा डेटाबेस मीच बांधला होता. तोच सांगाडा उचलला, बेअरिंगच्या जागी अंक बसवले. माझी वेबसाइट दिसायला अजूनही स्टोअरच्या कार्डासारखीच आहे, असं लोक नावं ठेवतात. मला ती तशीच आवडते.

एका अंकाच्या नोंदीत वीसेक रकाने आहेत. अंकाचा नंबर, भाषा, पानं, शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली छापखान्याची ओळ, कागदाचा रंग, स्टेपलची अवस्था, प्रतीवरच्या खुणा, प्रत सध्या कुणाकडे आहे ते. खऱ्याखोट्याची पारख तशी सोपी आहे. जुना कागद कडांकडून आत पिवळा होत जातो; चहात बुडवलेला सगळीकडून सारखा पिवळा असतो. जुन्या स्टेपलचा गंज कागदात उतरतो. नव्या स्टेपलला गंज आणता येतो, पण तो कागदात उतरायला वर्षं लागतात, आणि तेवढा धीर लबाडाला नसतो. अंक उजेडासमोर धरला की बाकीचं कागद स्वतःच सांगतो.

नियम दोनच. पाहिलं तर नोंद, आणि दोघांनी पाहिलं तरच पक्की नोंद. प्रत घरी आणून दाखवता येत नसेल तर फोटो चालतो, पण शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र पाहिजे. ही युक्ती मीच काढली. अमरावतीच्या एका सद्गृहस्थांनी तर बायकोच्या हातात अंक आणि पेपर देऊन तिला भिंतीशी उभं करून फोटो पाठवला. बिचारी अशी घाबरलेली दिसत होती, की कुणी खंडणी मागायला पळवून नेलं असावं. अंक मात्र खरा होता.

कुहीकडचे एक धानवाले शेतकरी मला दोन वर्षं लिहीत होते, की एका अंकात नायक मगरीच्या पाठीवर बसून किल्ल्यात शिरतो, तो अंक तुमच्या यादीत का नाही? मी म्हणायचो, प्रत दाखवा. ते म्हणायचे, प्रत नाही, पण गोष्ट तोंडपाठ आहे. त्यांनी ती फोनवर सांगितली सुद्धा, अर्धा तास. शेवटी लक्षात आलं, की त्यांच्या मोठ्या भावानं लहानपणी दोन अंकांच्या गोष्टी एकत्र करून त्यांना सांगितल्या होत्या. आठवण म्हणजे प्रत नव्हे, असं मी त्यांना जरा तोऱ्यातच ऐकवलं. ते मग म्हणाले, "पण भावानं सांगितली होती नं गा." त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मला त्या दिवशी आपण फार बरोबर असल्यासारखं वाटलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या यादीतली पहिली नोंद आहे तेवीस नंबरच्या मराठी अंकाची. मुखपृष्ठावर तुटका झुलता पूल, दोराला लटकलेला नायक, खाली आ वासलेली मगर. या अंकाची दुसरी प्रत आजवर कुणालाही सापडलेली नाही. प्रत माझी स्वतःची. लहानपणी मला टायफॉइड झाला होता, बारा दिवस शुद्ध नव्हती. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तेव्हा आठवीत होता. त्यानं संत्रा मार्केटात दोन दिवस संत्र्याच्या पेट्या उचलल्या आणि त्या पैशानं स्टेशनवरच्या स्टॉलवरून हा अंक आणला. उशाशी बसून त्यानं तो मला इतक्यांदा वाचून दाखवला, की डोळे उघडायच्या आधी मला मगर दिसायला लागली. ही हकीकत वेबसाइटच्या 'आमच्याविषयी' या पानावर आहे. लोक ती वाचून हळवे होतात. मीही होत असे.

या नोंदीला दुसरा पडताळणीदार नव्हता. नियम नंतर झाला, आणि आपल्याच घरच्या प्रतीची पडताळणी कोण करतो? पण मी स्टोअरवाला, दिसलं ते लिहिलंच. 'प्रतीवरच्या खुणा' या रकान्यात मी टिपून ठेवलं होतं: पान १४, वरचा कोपरा, बारीक छिद्रं तीन. कारण: कसर. जुन्या कागदाला ही कीड लागतेच, त्यामुळे पुढं काही विचार केला नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना साइटवर एक नवं नाव उगवलं, 'लायब्री१४'. खरं नाव नाही, गाव नाही, संग्रहाची माहिती नाही. या खात्यावरून अकरा निरनिराळ्या अंकांबद्दल विचारणा आली, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच: "पान चौदाचा उजेडातला फोटो दाखवता का?" मुखपृष्ठ नको, छापखान्याची ओळ नको, फक्त पान चौदा. माझे कान टवकारले. बारावी विचारणा तेवीस नंबरची आली तेव्हा मी पुरता सावध झालो. तर्क सरळ होता. कुणीतरी बनावट प्रती तयार करतंय, आणि आतल्या एका पानाचा कागद, जाडी, छिद्रं यांचा नमुना गोळा करतंय. चौदावं पान निवडलं कारण तिथं कुणी पाहत नाही. हुशार माणूस, असं मी मनाशी म्हटलं.

साइटवर माझी एक लाल यादी आहे. ज्यांच्यापासून सावध राहायचं त्यांची नावं तिथं सगळ्या सदस्यांना दिसतात. मी 'लायब्री१४' तिच्यात टाकलं, खाली कारण लिहिलं, 'बनावट प्रतींसाठी माहिती जमवत असल्याचा दाट संशय', आणि समाधानानं चहा प्यालो.

आठ दिवसांनी फोन आला. बाईंचा आवाज, शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा असतो तसा.

"सर, मी प्रज्ञा बोलते, इंदोऱ्यातून. तुमच्या लाल यादीत आहे ती मीच."

"बोला."

"मले नकली पुस्तकं बनवता येत नाही सर. मले तर पुस्तकाले कव्हर घालता येत नाही नीट. माह्या आईची लायब्री होती कॉमिक्सची. किरायानं द्यायची ती. तिचं एक पुस्तक गेलं, ते शोधून राहिली मी."

"मग पान चौदा काहून?"

"ते आई सांगू देत नाही. तुम्ही घरी या. ती पाहीन तुम्हाले, मंग ठरवीन."

मला वाटलं, घरी बोलावून गुंडाळायचा बेत आहे. म्हणून इंदोऱ्याला, नागपूरच्या उत्तरेकडच्या त्या वस्तीत, गेलो. भिंग घेतलं, छोटी टॉर्च घेतली. तेवीस नंबर मुद्दाम घरीच ठेवला.

लीलाबाई ऐंशीला टेकलेल्या. बुटक्या, पांढरं लुगडं, चष्म्याला दोरी. दारातच त्यांनी मला अडवलं.

"झोला बाहीर ठेव."

"मावशी, त्यात फक्त भिंग आहे."

"असंन. झोला बाहीर. लायब्रीत झोला नेत नाही."

लायब्री बंद होऊन तीस वर्षं झाली होती. मी झोळी ओट्यावर ठेवली. मग त्यांनी माझे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याहून संशयी माणूस मला भेटत होतं, आणि खरं सांगतो, मला ते अपमानकारक वाटलं. मग बरंही वाटलं.

आत शिवणाचं मशीन, त्यावर नातवंडांची दप्तरं, आणि कोपऱ्यात पत्र्याची पेटी. पेटीत दोनेकशे अंक. प्रत्येकाला खाकी पुठ्ठा घालून मशीनवर टीप मारलेली. किरायाच्या कॉमिक्सचं तेव्हाचं तंत्र हेच होतं. अंक नवा असेतो तसाच फिरवायचा, मुखपृष्ठ सैल पडायला लागलं की पुठ्ठा शिवायचा. लीलाबाईंचे मिस्टर गिरणीत होते. त्या दिवसा शिवण करायच्या आणि मशीनशेजारच्या टेबलावरून कॉमिक्स द्यायच्या. पोरं ओट्यावर बसून वाचत. घरी न्यायची मुभा फक्त ओळखीच्यांना होती.

"पोरं बदमाश," लीलाबाई म्हणाल्या. "नाव खोडत. शिक्का फाडत. पुठ्ठा काढून फेकत, अन् म्हणत, हे तर आमचं आहे, विकत आणलं. मंग मी काय करू?"

"काय केलं?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. प्रज्ञा म्हणाली, "सांग नं आई. आता कायची गुप्त गोष्ट?"

"तरी." मग बराच वेळ मला निरखून त्यांनी पेटीतला एक अंक काढला, चौदावं पान उघडलं आणि खिडकीकडे धरलं. वरच्या कोपऱ्यात उजेडाचे तीन ठिपके दिसले.

"सुई. अंक आला का पहिल्या दिवशी, चौदाव्या पानाले तीन टोचे. हात लावून समजते. शिक्का दिसते, टोचा दिसत नाही."

"आणि चौदाच का?"

"चौदा एप्रिल. चौदा ऑक्टोबर." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस नागपुरात कुठं राहतो? "आमच्या घरी चौदा आकडा कोणाले समजावून सांगा लागत नाही."

जयंती आणि दीक्षेचा दिवस; मी मान हलवली. मग एक नोंद आठवली. पान १४, वरचा कोपरा, बारीक छिद्रं तीन. कारण: कसर. ते मीच लिहिलं होतं, साऱ्या जगाला दिसेल असं. प्रज्ञानं तेच वाचलं होतं. आणि ती मला सरळ विचारू शकत नव्हती, कारण खुणेचा अर्थ सांगितला असता तर गुपित फुटलं असतं, आणि माझ्यासारख्यानं नोंद बदलली असती. म्हणून तिनं अकरा अंकांमागे एक लपवला.

"कोणतं पुस्तक गेलं तुमचं?" मी विचारलं. उत्तर माहीत असताना विचारलं.

"तेवीस," लीलाबाई म्हणाल्या. "मगरीचं. नवंच होतं. मशीनपाशी टेबलावर ठेवलं म्हणते ती. मले तर दिसलं नाही."

"ती कोण?"

लीलाबाईंनी भिंतीकडे हनुवटी उडवली. प्रज्ञानं आवाज खाली आणला. पलीकडच्या घरात यशोदाबाई राहतात. दोघींची लग्नं एकाच वर्षी झाली, दोघी मैत्रिणी. यशोदाबाईंची मुलं अंक घरी न्यायची. तेवीस नंबर यशोदाबाई स्वतः परत करायला आल्या, लीलाबाई मशीनवर मान घालून बसल्या होत्या, म्हणून टेबलावर ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी अंक नाही. एक म्हणे ठेवला, दुसरी म्हणे ठेवलाच नाही. पंधरा-वीस दिवस धुसफुस चालली, मग एक दिवस दारात भांडण झालं, गल्ली जमली, आणि लीलाबाईंच्या तोंडून 'चोर' हा शब्द गेला. तेव्हापासून बोलणं बंद. मधली भिंत कमरेएवढी, एकीची पापडं वाळत असतात तेव्हा दुसरीची सावली त्यांच्यावर पडते, पण शब्द नाही. दरवर्षी दीक्षाभूमीवर दोघी जातात. एक सकाळी, एक दुपारी.

"अजूनही तुम्हाला वाटतं, त्यांनीच घेतला?"

लीलाबाईंनी पेटीचं झाकण लावलं, त्यावर हात ठेवला. "मरायच्या आधी ते पुस्तक पाहाचं आहे मले. भेटलं तर मालूम पडन नं कोणं नेलं होतं. यशोदीच्या घरचं निघालं तर मी खरी. दुसऱ्याच्या घरचं निघालं तर..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

मी 'बघतो' म्हणालो आणि झोळी उचलून निघालो.

घरी येऊन तेवीस नंबर काढला, खिडकीशी धरला. तीन ठिपके. मी स्वतःला म्हटलं, कसरही तीन छिद्रं पाडू शकते. पण कसर सारख्या अंतरावर, एका ओळीत पाडत नाही. शिवाय बोट फिरवलं तर एका बाजूनं कागद उचललेला लागत होता, सुई बाहेर पडली की लागतो तसा. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. कुणा दुसऱ्याची प्रत असती तर कळलंच असतं.

दादा आता नरखेड तालुक्यात असतो. संत्र्याच्या बागांमधल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. त्याला फोन लावला.

"दादा, ते मगरीचं कॉमिक्स तू कुठून आणलं होतं?"

"स्टेशनवरून."

"इंदोऱ्यातल्या लीलाबाईच्या टेबलावरून नाही नं?"

मग तो म्हणाला, "कोणी सांगितलं तुले?"

"कोणी नाही. त्याले तीन भोकं आहेत."

मागं मोटारीचा आवाज येत होता. कुणाच्या तरी विहिरीवर उभा असावा. "तुह्या डोळ्यात जीव नव्हता गा," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणे, याच्याशी बोलत राहा. आता मी काय बोलू? एक दिवस बोललो, दोन दिवस बोललो. मंग बोलायले काही उरलंच नाही. लायब्रीत गेलो, टेबलावर ते पडलं होतं. बाई मशीनवर. शर्टात घातलं अन् निंगालो."

"अन् संत्र्याच्या पेट्या?"

"त्या खऱ्या आहेत," तो घाईनं म्हणाला. "तुले बरं वाटलं मंग उचलल्या. म्हटलं, दुसरं आणून गुपचूप ठेवून देऊ. स्टेशनवर गेलो तर तेवीस संपलं. मंग म्हटलं, जाऊन बाईले सांगूनच देऊ. गेलो. तर दारात दोघी बाया भांडून राहिल्या होत्या, सारी गल्ली गोळा झालेली. ऐकलं, तर त्याच्यासाठीच. वापस आलो." मग म्हणाला, "त्या गल्लीतून मी अजून जात नाही."

मी फोन ठेवला आणि खोटं कशाला सांगू, रडलो. त्याच्यावर रागावायचं ठरवून फोन केला होता, ते जमलं नाही.

मग जे केलं ते लिहायला हात जड होतो, पण अनुभव लिहायला बसलो आहे तर लिहिलं पाहिजे. मी संगणक उघडला, पहिल्या नोंदीवर गेलो आणि 'प्रतीवरच्या खुणा' हा रकाना रिकामा केला. फक्त जपून ठेवण्याचं बटण दाबायचं बाकी होतं. प्रज्ञानं शब्द वाचले होते, फोटो पाहिला नव्हता. 'चुकून दुसऱ्या अंकाची माहिती पडली होती' म्हटलं असतं तर मामला खलास. तेवीस नंबर माझा, दादाची हकीकत शाबूत, एकमेव प्रत माझ्या कपाटात. आणि भिंतीपलीकडच्या यशोदाबाई मरेपर्यंत चोर. मी त्या रिकाम्या रकान्याकडे पाहत बसलो. तीस वर्षं ज्या खोडरबराला शिव्या दिल्या, ते हातात होतं. शेवटी न जपता पान बंद केलं. एवढ्याचं कौतुक करून घ्यायचं नाही. बटणावर बोट होतं, हेही खरंच आहे.

दोन दिवसांनी अंक घेऊन गेलो. या वेळी झोळी मी आपणहून ओट्यावर ठेवली. लीलाबाईंनी मुखपृष्ठ पाहिलंच नाही. सरळ चौदावं पान उघडलं, डोळे मिटले आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग मी सगळं सांगितलं. टायफॉइड, दादा, शर्ट, पेट्या, दारातलं भांडण.

मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी विचारलं, "वाचला नं तू?"

"हो मावशी."

"मंग ठीक." अंक त्यांनी मांडीवर ठेवला, आणि एकाएकी त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तिनं ठेवलंच होतं टेबलावर."

प्रज्ञा म्हणाली, "आई, चल, आत्ताच जाऊन सांगू."

"मी नाही जात. काय तोंड घेऊन जाऊ?" त्यांनी अंक माझ्यापुढं धरला. "तू जा. तुह्याच घरी होतं नं ते?"

यात चुकीचं काही नव्हतं. मी उठलो, शेजारच्या दारात गेलो. अंगणात एक उंच, हडकुळ्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. डोळे बारीक करून त्यांनी मला न्याहाळलं.

"कोण पायजे? मीटरवाला आहे का?"

मी नाही म्हणालो, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बोलताना मी इकडची तिकडची वाक्यं फार वापरत होतो, असं नंतर लक्षात आलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"मले तर माहीतच होतं, मी ठेवलं होतं म्हणून," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पोरांनी वाचलं, मी नेऊन ठेवलं. मी तर उघडूनबी पाहिलं नव्हतं." मग हात पुढं केला. "दाखव तरी. काय चोरलं होतं मी?"

मी अंक दिला. त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. मगर, पूल, माणूस, काही धड दिसत नसावं. पानं एकेक करून सावकाश उलटली. मी काय करावं ते न कळून उभा होतो. तेवढ्यात कमरेएवढ्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"चष्मा लाव वं आधी."

यशोदाबाईंनी मान वर केली नाही. पान उलटायचा हात मात्र थांबला. मग त्या म्हणाल्या, "आत आहे. उशीपाशी. आणून दे."

लीलाबाई फाटकातून फिरून आल्या, माझ्या अंगावरून सरळ घरात गेल्या. इतक्या वर्षांनीही उशी कुठं असते ते त्यांना विचारावं लागलं नाही. मी निघालो ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

'लायब्री१४' हे नाव लाल यादीतून काढलं आणि तिथं माफी लिहिली. 'आमच्याविषयी' हे पान दादाला वाचून दाखवून बदललं. आता त्यात शर्टही आहे आणि पेट्याही. हळवे होणारे वाचक कमी झालेत. कुहीच्या त्या शेतकऱ्यांनाही फोन केला आणि मगरीच्या पाठीवर बसून किल्ल्यात शिरण्याची गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा पूर्ण ऐकली. यादीत ती घालता येत नाही, तसं त्यांना सांगितलंही. पण या वेळी तोऱ्यात नाही.

पहिल्या नोंदीत 'कसर' खोडून 'सुई' केलं. प्रत सध्या कुणाकडे, हा रकाना मी रिकामा ठेवला आहे. प्रज्ञा सांगते, अंक कधी भिंतीच्या अलीकडे असतो, कधी पलीकडे. आणि दुसऱ्या पडताळणीदाराची जागा इतकी वर्षं मोकळी होती, तिथं आता यशोदाबाईंचं नाव आहे. चष्मा लावून त्यांनी सगळी पानं पाहिली आहेत.